नागपूरच्या बंद पडलेल्या गाण्यांच्या चॅनलवर डॉक्युमेंटरी करायची असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की नव्वदच्या दशकाच्या शेवटी नागपुरात केबलवर फक्त गाण्यांचं एक लोकल चॅनल होतं, दीड-दोन वर्षं चाललं आणि बंद झालं, तुझा मामा तिथे व्हीजे, म्हणजे गाण्यांच्या मधे बोलणारा, होता, घरी काही व्हीएचएस आणि थोड्या हँडीकॅमच्या कॅसेट पडल्या आहेत आणि तुला त्यावर डॉक्युमेंटरी करायची आहे. सुरुवात कुठून करू, गाण्यांच्या कॉपीराइटचं काय, आणि लोक बोलतील का. मी लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगमधून या कामात आलो आणि बरीच वर्षं विदर्भातल्या विषयांवर डॉक्युमेंटरी करून राहिलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की कर, बाकी सगळं त्यावरून ठरतं. तुझी फिल्म गाण्यांची नाहीये. गाणी तर तीच होती जी तेव्हा देशभर वाजत होती, १९९४ पासून चॅनल व्ही होतं, १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया आलं, त्यांच्याकडे पिक्चर क्वालिटी चांगली, सेट चांगले, सगळंच चांगलं. मग तरी इतवारीतला, पाचपावलीतला पोरगा ते सोडून हे खरखरीत लोकल चॅनल का लावायचा? कारण दोन गाण्यांच्या मधे कोणीतरी त्याच्या मोहल्ल्याचं नाव घ्यायचं. "नंदनवनहून अमुक अमुक यांची फर्माइश", मग खालून पट्टी सरकतेय, मग बर्डीवरच्या साडीच्या दुकानाची स्लाइड, मग ट्युशन क्लासेस, मग मामा अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत काहीतरी बोलणार, मग पुढचं गाणं. ही जी मधली जागा आहे ना, तीच तुझी फिल्म. गाणं आजही कुठेही मिळेल, ती मधली मिनिटं मात्र फक्त त्या कॅसेटींवर आहेत आणि बाकी कुठेच नाहीत. त्यामुळे फुटेज बघताना गाणं सुरू झालं की पुढे ढकलायचं आणि गाणं संपलं की कान टवकारून बसायचं, मामा काय बोलला ते शब्द न शब्द उतरवून काढायचं.

आता कॅसेटी. मुलाखती, कॅमेरा, पैसे, सगळं थांबू दे, आधी कॅसेटी. व्हीएचएसवर जे आहे ते दरवर्षी थोडं थोडं जातच असतं, आणि त्या वाजवायला जी मशीन लागते तीसुद्धा आता नवीन मिळत नाही, जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचा व्हीसीआर २०१६ मध्ये बनवला, त्यानंतर जे काही आहे ते जुनं, दुरुस्त केलेलं. आपल्या नागपूरचं हवामान टेपसाठी फार वाईट, मेमध्ये पारा पंचेचाळिसच्या वर आणि त्याच खोलीत कुलर लावून आपण दमट हवा भरतो, मग पावसाळा आहेच. म्हणून आजच्या आज त्या कॅसेटी कुलरच्या खोलीतून, माळ्यावरून, लोखंडी कपाटातून काढ आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत उभ्या ठेव, पुस्तकं ठेवतो तशा. प्रत्येक व्हीएचएसची मागची छोटी प्लास्टिकची टॅब मोडून टाक म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पावडर किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे, ती कॅसेट अजिबात लावू नको, वेगळ्या पिशवीत ठेव, कारण एक बुरशीची टेप चालवली की हेड खराब होतात आणि पुढच्या चांगल्या टेपलाही ती लागते. ती साफ करून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडेच दे.

चांगल्या दिसणाऱ्या टेपचं डिजिटायझेशन करताना दुकानवाला म्हणेल डीव्हीडी करून देतो, पेन ड्राइव्हवर एमपी४ देतो. त्याला नाही म्हण. डीव्हीडीसाठी तो जे कॉम्प्रेशन करेल त्यात व्हीएचएसचा आधीच अशक्त असलेला फोटो आणखी चिखल होतो आणि मग एडिटमध्ये तू काहीच करू शकत नाहीस. एस-व्हीएचएसचा, म्हणजे व्हीएचएसच्या वरच्या दर्जाचा, डेक शोध, तो साधी व्हीएचएससुद्धा वाजवतो आणि त्याला एस-व्हिडिओचं आउटपुट असतं, मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे डगमगणारा सिग्नल सरळ करणारं यंत्र, लाव नाहीतर फ्रेम उड्या मारतील आणि आवाज-चित्र पुढेमागे होईल. पाल सिस्टिम आहे, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत), आणि मास्टर फाइल तशीच इंटरलेस्ड ठेवायची, एफएफव्ही१सारख्या लॉसलेस, म्हणजे क्वालिटी न घालवणाऱ्या, फॉरमॅटमध्ये. डीइंटरलेस वगैरे नंतर, कॉपीवर. फाइल मोठी होते, होऊ दे, हार्ड डिस्क दोन घे आणि दोन वेगळ्या घरांत ठेव. हँडीकॅमच्या कॅसेट जर मिनीडीव्ही असतील तर गोष्ट सोपी आहे, फायरवायरची केबल लावून जुन्या कॉम्प्युटरवर घेतलं की टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण १३ जीबी, क्वालिटी एक कणही कमी होत नाही. पण एट एमएम किंवा हायएट असतील तर त्या अॅनालॉग आहेत, त्यांना व्हीएचएससारखंच सांभाळून घ्यावं लागेल. कॅसेटच्या डब्यावरचं, लेबलवरचं जे काही खरडलंय त्याचेही फोटो काढ, दोन्ही बाजूंचे.

पण खरं सांगू, चॅनलचं फुटेज चॅनलवाल्यांकडे फार कमी सापडतं. कॅसेटी महाग होत्या, आजचा प्रोग्राम झाला की उद्या त्याच टेपवर दुसरा, असंच चालायचं सगळीकडे. सापडतं ते घरांत. ज्याची फर्माइश लागणार होती त्याने व्हीसीआर लावून रेकॉर्ड केलेलं असतं, आणि नवीन कॅसेट कशाला म्हणून लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी जी रिकामी जागा उरते तिथे केलेलं असतं. त्यामुळे लोकांना "चॅनलचं रेकॉर्डिंग आहे का" असं विचारू नको, नाहीच म्हणतील. "लग्नाची, बारशाची जुनी कॅसेट आहे का, शेवटपर्यंत चालवून बघू का" असं विचार. दुसरे म्हणजे शूटिंगवाले. तेव्हा ज्यांच्याकडे कॅमेरा होता ते लग्नही शूट करायचे आणि सीझन नसला की लोकल केबलचंही काम करायचे, त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काय काय निघतं विचारू नकोस. तिसरे आपले गायक. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटी-सीडीचे स्टॉल लागायचे ते आठवत असेल, ताजबागच्या उर्सातल्या कव्वाल्या, नवरात्रातली देवीची गाणी, ऑर्केस्ट्रातली मंडळी, यांना मोठ्या चॅनलवर कोणी उभं करत नव्हतं, त्यांचे व्हिडिओ लागायचे ते लोकल केबलवरच. त्यांनी आपली कॉपी नक्की जपून ठेवलेली असते. मारबतीच्या मिरवणुकीचं शूटिंग कोणी लावलं असेल तर तेही शोध, तेव्हाचा जुना इतवारी-महाल त्यात आपोआप आलेला असतो.

कागदपत्रांकडे बहुतेक जण बघतच नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण तिथे खरी तारीख सापडते. १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा आला तेव्हा केबल ऑपरेटरला रजिस्ट्रेशन करावं लागायचं ते हेड पोस्ट ऑफिसात, आणि ते बारा महिन्यांचं असायचं, म्हणजे दरवर्षी नवीन अर्ज. शिवाय त्याच कायद्यात होतं की कोणते कार्यक्रम दाखवले त्याचं रजिस्टर ठेवायचं आणि प्रसारणानंतर एक वर्ष सांभाळायचं. एक वर्षानंतर बहुतेक रद्दीत गेलं असणार, पण एखाद्या ऑपरेटरच्या घरी राहिलंही असेल, विचारायला हरकत नाही. आणि केबलच्या कनेक्शनवर राज्य सरकार करमणूक कर घ्यायचं, २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत, तो कलेक्टर ऑफिसातून वसूल व्हायचा. म्हणजे जीपीओ (आपलं हेड पोस्ट ऑफिस) आणि कलेक्टर ऑफिस, दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच, दोन्हीकडे आरटीआय टाक, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मिळेलच असं नाही, जुनं रेकॉर्ड नष्ट केलं असं उत्तर येऊ शकतं, पण ते उत्तरही फिल्ममध्ये दाखवण्यासारखं असतं. पेपरांच्या ऑफिसातल्या जुन्या बांधीव फायली बघायची परवानगी माग, बातम्या कमी आणि जाहिराती जास्त वाच.

तारखांबद्दल लोकांच्या आठवणीवर अवलंबून राहू नको. एक म्हणेल सत्त्याण्णव, दुसरा शपथेवर सांगेल दोन हजार. फुटेजच तारीख सांगतं. दुकानाच्या स्लाइडवर टेलिफोन नंबर सहा आकडी असेल तर तो पुढे २ लागायच्या आधीचा. पेजर नंबर असेल तर नव्वदच्या दशकाचा दुसरा अर्धा भाग. नवीन सिनेमा म्हणून ज्याचं गाणं लावून राहिले त्या सिनेमाची रिलीज डेट बघ. असं एकेक जोडत गेलीस की महिन्यापर्यंत पोचता येतं. एक साधी एक्सेल शीट ठेव, कॅसेट, टाइमकोड, काय दिसतं, कशावरून तारीख. कंटाळवाणं काम आहे पण तुझ्या एडिटचा अर्धा वेळ त्यात वाचेल.

लोक बोलतील का? बोलतील, आणि खूप बोलतील, कारण आजवर त्यांना कोणी विचारलंच नाहीये. पण क्रम महत्त्वाचा. पहिली मुलाखत फुटेज न दाखवता घे. एकदा का माणसाने स्वतःचा जुना व्हिडिओ बघितला की त्याची आठवण पुसली जाते आणि तो व्हिडिओत जे दिसलं तेच सांगायला लागतो, मग आधीचं परत येत नाही. म्हणून आधी नुसतं बोलू दे, चुकीचं बोलू दे, मग दुसऱ्या दिवशी लॅपटॉप समोर ठेव आणि तेव्हाही कॅमेरा चेहऱ्यावर, स्क्रीनवर नाही. प्रश्नही "तेव्हा कसं वाटायचं" असले नको, त्याला सगळे "खूप छान दिवस होते" हेच म्हणतात. वस्तूंबद्दल विचार. कंट्रोल रूम कोणाच्या घरात होती, कितव्या माळ्यावर, मॉड्युलेटर (व्हीसीआरचा सिग्नल केबलच्या चॅनलवर चढवणारं यंत्र) कुठून आणला, व्हीसीआर किती होते, एक कॅसेट संपून दुसरी लागेपर्यंत स्क्रीनवर काय असायचं, फोन कोण उचलायचं, रात्री लाइट गेली तर काय करायचे. माणूस हाताने दाखवायला लागतो, इथे टेबल होतं, इथून वायर गच्चीवर जायची, आणि मग तो खरं बोलतो. जमलं तर मामाला त्या जागी घेऊन जा, आता तिथे काहीही असलं तरी.

केबल ऑपरेटरांशी बोलताना सांभाळून. त्या धंद्यात एरियावरून भांडणं झालेली असतात, वायरी कापणं वगैरे, जुने राग असतात आणि माणसं अजून त्याच शहरात राहतात. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐक, पण एकाने दुसऱ्याचं नाव घेऊन आरोप केला तर तो दुसऱ्याला विचारल्याशिवाय फिल्ममध्ये ठेवू नको. आणि ज्या मुली तेव्हा स्क्रीनवर यायच्या त्यांच्याकडे स्वतः जा, मामाला मधे घालू नको. त्या काळात नागपुरात केबलवर रोज दिसणं ही मुलीसाठी लहान गोष्ट नव्हती, घरी काय झालं, मोहल्ल्यात काय बोलले, कॉलेजात काय झालं, हे त्या तुला सांगतील, पुरुष युनिटला नाही सांगणार. कोणी नको म्हणाली तर विषय तिथेच संपला, तिचं फुटेजही वापरायचं नाही, कायदा काहीही म्हणो.

शूटिंगबद्दल एवढंच, की उन्हाळ्यात मुलाखत घ्यायची तर पहाटेची वेळ घे कारण कुलर बंद करावाच लागतो, कुलरचा आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. कॅमेरा कोणताही चालेल, मोबाइलही, पण कॉलर माइक चांगला घे आणि प्रत्येक खोलीचा एक मिनिट नुसता शांत आवाज रेकॉर्ड कर. भाषा अजिबात सुधारू नको. आपलं शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठीची ही सरमिसळ तेव्हापासूनची आहे, मामा जर "अभी लगाते है आपका गाना, थांबा जरा" असं बोलला असेल तर सबटायटलमध्येही ते वळण दिसू दे, पुण्याच्या मराठीत घालू नको.

चॅनल बंद का झालं हा प्रश्न फिल्मचा कणा आहे आणि त्याला एकच उत्तर नसतं. लोक म्हणतील पैसे संपले. पण पैसे का संपले ते खणून काढ. तेव्हाची केबल अॅनालॉग, वायरमधून जायला जागा मोजकी आणि बऱ्याच घरांत टीव्ही असे की सुरुवातीच्या थोड्या नंबरांवरचेच चॅनल स्वच्छ दिसायचे. त्या चांगल्या जागेसाठी सॅटेलाइट चॅनल पुढे ऑपरेटरला कॅरेज फी द्यायला लागले, म्हणजे जी जागा आपण आपल्या हौशी चॅनलला फुकट दिली तिचेच कोणीतरी पैसे देऊन राहिलं. मग लोकल चॅनल मागच्या नंबरवर, मग मुंग्यांच्या पिक्चरवर, मग बंद. दुसरं, गाणी कोणाची? म्युझिक कंपन्या आणि पीपीएल, आयपीआरएससारख्या संस्था लायसन्सचे पैसे मागणार, त्यांचा तो हक्कच आहे, आणि साडीच्या दुकानाच्या स्लाइडवर ते भागत नाही. म्हणून मामाला आणि ऑपरेटरला एक प्रश्न नक्की विचार, चॅनल कितव्या नंबरवर लागायचं आणि तो नंबर कधी कधी बदलला? नंबर बदलल्याच्या तारखा मिळाल्या तर तुला अख्ख्या गोष्टीचा आलेख मिळेल. नंतर २०१३ मध्ये केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूर आलं आणि सेट टॉप बॉक्स घरोघरी बसले, तिथे तो सगळा अॅनालॉग काळच संपला, तेवढा संदर्भ शेवटाकडे दे.

आता कॉपीराइट. इथे स्वप्नात राहू नको. सिनेमातलं गाणं पूर्ण वापरायचं असेल तर म्युझिक कंपनीची लेखी परवानगी आणि पैसे, दुसरा रस्ता नाही. साउंड रेकॉर्डिंग आणि सिनेमा दोन्हींचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं, म्हणजे तुझ्या काळातलं काहीच मोकळं झालेलं नाही. प्रसारण करणाऱ्याचा जो वेगळा हक्क असतो तो पंचवीस वर्षांचा, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा, त्यामुळे १९९९ च्या प्रसारणावरचा चॅनलचा तो हक्क २०२४ च्या शेवटी संपला, पण त्याने आतली गाणी मोकळी होत नाहीत आणि मामाचा शूट केलेला प्रोग्राम हाही कायद्याने फिल्मच, त्याच्या निर्मात्याची सही हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी, आढाव्यासाठी योग्य तेवढा वापर चालतो, म्हणजे गाण्याचे दोन-चार सेकंद दाखवून त्यावर कोणी बोलत असेल तर बाजू मांडता येते, नुसतं वातावरण करायला गाणं लावलं तर नाही. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज या केसमध्ये अशा अगदी किरकोळ वापराला सूट दिली, तिथे गायिकेने टॉक शोमध्ये स्वतःच्या गाण्यांच्या थोड्या ओळी म्हटल्या होत्या. पण तो दिल्लीचा निकाल, आपल्याकडे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ, त्यामुळे फायनल कट व्हायच्या आधी एखाद्या वकिलाला बसवून प्रत्येक गाण्याचा टाइमकोड दाखव.

म्हणूनच मी वर म्हटलं की मधल्या जागेची फिल्म कर. गाणं सुरू होतं त्या क्षणी कट, किंवा गाण्याच्या जागी आज त्याच माणसाचा चेहरा, तो मनात ऐकून राहिला असा. आणि पूर्ण गाणी हवीच असतील तर आपल्या लोकल गायकांची घे. गायक, गीतकार, संगीतकार, कॅसेट काढणारा, चौघांच्या सह्या. इथे एक कलम उपयोगी पडतं, १९(५), हक्क लिहून दिले पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठीच समजायचे. त्या काळात साध्या कागदावर करार व्हायचे, त्यामुळे गीतकाराला वाटत असतं की आपलं आता काही नाही, आणि प्रत्यक्षात हक्क त्याच्याकडेच परत आलेले असू शकतात. तो जुना कागद शोधायला सांग. आणि वापरलंस तर पैसे दे, थोडे का होईना, ठरवून आणि लिहून. युट्यूबवर टाकणार असशील तर आधी अनलिस्टेड टाकून कंटेंट आयडी, म्हणजे युट्यूबची कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा, काय काय पकडते ते बघ, मग एडिट बंद कर.

पट्टीवरची नावं हा प्रकार वेगळाच नाजूक आहे आणि कॉपीराइटपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. "राजू की तरफ से पिंकी को" असं जे जायचं ते तेव्हा गमतीत गेलं असेल, पण पूर्ण नाव, मोहल्ला आणि कधी कधी घरचा लँडलाइन नंबर, आणि ती पिंकी आज दुसऱ्या घरात, मुलं मोठी. पहिलं नाव ठेव, आडनाव आणि नंबर ब्लर कर, लँडलाइनचे बरेच नंबर पुढे एक आकडा लागून अजून चालू आहेत. उलट ज्या जोडप्याचं त्या फर्माइशीवरून जमलं आणि जे आज सोबत आहेत ते स्वतः पुढे येतील, त्यांना वेळ दे, फिल्मचा सगळ्यात चांगला भाग तोच निघू शकतो.

लांबी चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नको, फुटेज खराब क्वालिटीचं असलं की डोळे लवकर थकतात. खराब फोटो एआयने चकाचक करायच्याही मागे लागू नको, चेहरे बदलून जातात त्यात, खरखर असू दे. रफ कट झाला की पहिलं स्क्रीनिंग ज्यांनी कॅसेटी दिल्या त्यांच्यासाठी ठेव, एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि येताना कोणाकडे अजून कॅसेट असेल तर घेऊन या असं आमंत्रणातच लिही, कारण त्या दिवशी हमखास दोन-तीन नवीन टेप निघतात आणि फिल्म पुन्हा उघडावी लागते, त्याची तयारी ठेवून तारीख ठरव. मग मुंबईचा मिफ, डॉक्युमेंटरीसाठीचा तो फेस्टिव्हल १९९० पासून होतो, तिथे पाठव.

सध्या एवढं कर, घरातल्या सगळ्या कॅसेटींचे फोटो काढ, डबा आणि खिडकी दोन्ही स्वच्छ दिसतील असे, आणि मला पाठव. कोणती व्हीएचएस, कोणती एस-व्हीएचएस, हँडीकॅमची कोणती, आणि कोणती आधी उतरवायला हवी ते मी बघून सांगतो.